डावीकडचा पडदा

आमच्या कंपनीत माणसाची पत टेबलावरच्या पडद्यांवरून ठरते. दोन पडदेवाल्याला ‘सर’, एक पडदेवाल्याला ‘अहो, जरा इकडे’. दुसऱ्या मॉनिटरसाठीचा माझा अर्ज ‘पुढच्या बजेटात बघू’ या थंड कपाटात पडून होता. म्हणून घरातला जुना टॅब लॅपटॉपशेजारी उभा करायचं ठरवलं.

स्टँड ऑनलाइन मागवला. तो महाळुंग्यात वेळेवर पोचलाही; फक्त दुसऱ्या. आता विषय निघालाच आहे, तर बोलू द्या. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एक नाही. मुळशीतलं महाळुंगे बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला लागून. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून त्याचा तोरा. आंबेगावातलं महाळुंगे पडवळ म्हणजे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. १९३० साली मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढून ते हटले नाहीत. आणि आमचं खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे. इथेही ट्रक आहेत. ते कुणी न अडवताच तळेगाव-चाकण रस्त्यावर उभे असतात. कुरियरवाला फोनवर म्हणाला, “सर, स्टेडियमपाशी आलोय.” म्हटलं, “आमच्याकडे स्टेडियम असतं, तर मला टॅब उभा करून मोठं व्हावं लागलं असतं का?” त्यानं फोन ठेवला.

शेवटी टॅब तांदळाच्या डब्याला टेकवला. दोन्हीकडे एकच वायफाय, दोन्हीकडे ॲप, मग विंडोजचं बटण आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’. टॅब उजळला! पण तो होता डावीकडे आणि लॅपटॉपची ठाम समजूत की उजवीकडे. बाण उजव्या कडेतून बाहेर पडून डावीकडे उगवायचा. सेटिंग्जमध्ये १ आणि २ असे चौकोन असतात, ते ओढून अदलाबदल केली. वायफायवर बाण रेंगाळत होता, म्हणून केबल जोडली. मग फोटो काढून स्टेटसला ठेवला.

आणि लक्षात आलं, दुसऱ्या पडद्यावर ठेवायला माझ्याकडे कामच नाही. रिकामा बरा दिसेना, म्हणून उपग्रहाचा नकाशा उघडला.

अण्णा चहा घेऊन आले. “आपलं रान दिसंल का रं ह्यात?”

त्यांनी बोटांनी नकाशा मोठा केला. देवळापासून ओढा, ओढ्यापासून बांध, असं चाचपत ते एका कंपनीच्या निळ्या पत्र्यावर थांबले. “ही आपली हीर. इथं चिंच.” मोबदल्यात विहिरीचे पैसे वेगळे धरले होते, झाडांचे वेगळे. अण्णांना ते आकडे पाठ आहेत. कुणी विचारलं तर सांगत नाहीत. पत्र्यावरून त्यांचं बोट हलेना. मला मात्र त्या पत्र्याखाली साधी मुलाखतही मिळाली नव्हती, त्याचा राग आला. तोही विहिरीइतकाच जुना.

तेवढ्यात मीटिंग सुरू झाली. गुरुवारची सुट्टी आमच्या कंपनीला, इंदूरच्या ग्राहकाला नव्हे. मी ऐटीत स्क्रीन शेअर केली. दोन नंबरची.

“ही तुमची नवीन साइट का?” इंदूरकर मराठीच निघाले.

“साइट न्हाई, हीर हाय,” अण्णा माझ्या खांद्यावरून म्हणाले.

“अरे वा! पाणी बारमाही?”

अण्णांनी मला उठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.