नॅकवाले सर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही अनुदानित कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकावा. थकबाकीच्या हप्त्यावर तावातावानं बोलणारे दिसतील, ते हे नव्हेत. पंख्याखालची खुर्ची धरून लायब्ररीचा पेपर वाचणारे दिसतील, तेही नव्हेत. गळ्यात पेनड्राइव्ह, खिशात रबरी शिक्का, त्या शिक्क्यानं शर्टाला पडलेला कायमचा जांभळा डाग, आणि ज्यांना दारात बघताच एरवी तासाला न जाणारे चौघे खडू उचलून तासाला पळतात, ते नॅकवाले सर. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना आहे. पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलंय. कॅन्टीनवालासुद्धा त्यांच्या चहाची उधारी ‘नॅक’ या नावावर मांडतो.

एखाद्या ठिकाणची एम.ए., एम.एस्सी. चांगली की वाईट, हे पूर्वी गावाला ठाऊक असायचं. ‘केमिस्ट्री असेल तर पोराला इथं घाला, इंग्रजी असेल तर जिल्ह्याला न्या,’ असं एसटी स्टँडवरचा पानवालाही सांगायचा. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं बंगळूरला नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था स्थापन केली आणि हे काम पानवाल्याच्या हातून गेलं. मग आले सात निकष, एक हजार गुण आणि शेवटी चारपैकी एक आकडा. ३.५१ किंवा वर गेलात तर ए प्लस प्लस मिळायचं; दीड किंवा त्याच्या आत राहिलात तर डी, म्हणजे मान्यताच नाही. पूर्वी पाहुणी समिती येऊन, बघून, बोलून काय ते ठरवायची. २०१७ साली पद्धत बदलली आणि साधारण सत्तर टक्के गुण आकड्यांवर गेले. आकडा म्हटला की पुरावा आला, आणि पुरावा म्हटला की नॅकवाले सर आले.

खरं तर ते फिजिकल केमिस्ट्रीचे. त्यांची एन्ट्रॉपी ऐकायला बी.कॉम.ची पोरं व्हरांड्यात उभी राहायची, असं जुने शिपाई सांगतात. ते या भानगडीत सापडले, तेही तासामुळेच. समन्वयक नेमायची सभा होती. ज्यांना घरचं आजारपण होतं त्यांनी ते सांगितलं, ज्यांना नव्हतं त्यांनी रक्तदाब सांगितला. सर तास संपवून, हातावरचा खडू झटकत दहा मिनिटं उशिरा आले, तोवर ठराव मंजूर झाला होता. सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव त्यांना आजही तोंडपाठ आहे.

तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातून ‘नमस्कार’ गेला आणि ‘पुरावा?’ आला. ‘काल कार्यशाळेला गेलो होतो.’ ‘सर्टिफिकेट?’ ‘मुलांना किल्ल्यावर नेलं होतं.’ ‘जिओटॅग फोटो?’ अक्षांश-रेखांश नसलेल्या फोटोकडे ते बघतही नाहीत. एकदा वृक्षारोपणाचा फोटो त्यांनी परत पाठवला, कारण त्यात तारखेच्या पट्टीमागे झाड गेलं होतं. की झाडामागे पट्टी गेली होती म्हणून, ते आता आठवत नाही. झाड पुन्हा लावलं, एवढं नक्की.

आमच्या मराठी विभागावर त्यांचं विशेष लक्ष. एका दुपारी ते कोर्स आउटकमचा तक्ता घेऊन आले. म्हणजे असं, की प्रत्येक पेपर शिकल्यावर विद्यार्थ्याला काय काय करता येईल ते आधी लिहायचं, आणि मग त्यातलं प्रत्येक वाक्य अख्ख्या अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी जोडून चौकटीत एक, दोन किंवा तीन आकडा टाकायचा. संबंध पुसट असेल तर एक, दाट असेल तर तीन.

“लीळाचरित्राचा पेपर झाल्यावर मुलं काय करू शकतील?” सरांनी विचारलं.

“त्यांना लीळाचरित्र समजेल.”

“समजून चालत नाही, सर. समजलेलं मोजता येत नाही. विश्लेषण करतील, तुलना करतील, वर्गवारी करतील, असं काहीतरी लिहा.”

मी ‘वर्गवारी करतील’ लिहिलं. मग आकडे टाकायला बसलो. संवादकौशल्य तीन, संशोधनदृष्टी दोन, सामाजिक भान तीन. ‘पर्यावरण आणि शाश्वतता’ या रकान्याशी येऊन पेन थांबलं. तेराव्या शतकातल्या महानुभाव गद्याचा शाश्वततेशी काय संबंध लावायचा? मी रेघ मारणार तेवढ्यात सरांनी माझा हात धरला.

“चक्रधरस्वामींनी शिकाऱ्यांपासून सशाला वाचवलं होतं ना? मांडीखाली घेऊन?”

“हो, पण ते—”

“तीन टाका.”

मी तीन टाकले. रसायनशास्त्राच्या या माणसानं ती लीळा कधी वाचली होती, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या विभागात ती वाचलेले मी धरून दोघं.

उद्दिष्टं लिहून झाली की ती गाठली किती, याचा हिशेब येतो. वर्गातल्या सत्तर टक्के मुलांनी ठरलेले गुण ओलांडले तर पातळी तीन, साठ टक्क्यांनी ओलांडले तर दोन, पन्नासांनी तर एक. असे उंबरठे कॉलेजनंच ठरवलेले. एम.एस्सी.च्या भरलेल्या वर्गात हे गणित गुण्यागोविंदानं सुटतं. आमच्या एम.ए.च्या वर्गात सात मुलं. पाच जणांनी उंबरठा ओलांडला की एकाहत्तर टक्के, पातळी तीन. त्या वर्षी सातवी परीक्षेला बसलीच नाही. ती बाळंत झाली. सातातली चार म्हणजे सत्तावन्न टक्के, पातळी तीनवरून थेट एकवर. गैरहजर विद्यार्थिनीला वगळून सहातली चार धरली तर सहासष्ट, म्हणजे दोन. सर संध्याकाळपर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन माझ्यासमोर बसले. “मुलगा की मुलगी?” एवढं एकदा त्यांनी मध्येच विचारलं. मुलगी म्हटल्यावर “छान” म्हणाले आणि पुन्हा सातानं भागायला लागले. शेवटी त्यांनी एकच लिहिला. खोटा आकडा ते लिहीत नाहीत. ओढूनताणून आणलेला लिहितात, पण खोटा नाही. या दोहोंत फरक आहे आणि तो सांगणारं तीन पानी टिपण त्यांच्याकडे तयार आहे.

मग ‘एम्प्लॉयर फीडबॅक’. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नोकरी देणाऱ्या मालकाचं आमच्या शिक्षणाविषयीचं मत. एम.ए. मराठीच्या मुलांचे मालक शोधायला सर स्कूटरवरून निघाले. एक मुलगा पतसंस्थेत होता, एक अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होता, आणि एक बापाच्या खतांच्या दुकानात गल्ल्यावर. म्हणजे मालक बापच. सरांनी फॉर्म पुढे केला. बापानं युरियाच्या पोत्यावर कागद ठेवून, विचार करून एकेक खूण केली. ‘तांत्रिक ज्ञान’पुढे ‘साधारण’. ‘वक्तशीरपणा’पुढे ‘असमाधानकारक’. ‘संवादकौशल्य’पुढे ‘उत्कृष्ट’, आणि खाली सूचनेच्या जागेत: ‘गिऱ्हाईक उधारी मागायला आलं तर रोख देऊन जातं. हिशेब शिकवावा.’ सरांनी दुकानाचा शिक्का मागितला. मग कॉलेजात येऊन त्यावर ‘अ‍ॅक्शन टेकन रिपोर्ट’ लिहिला आणि पुढच्या सत्रापासून एम.ए.च्या मुलांना जीएसटीचा तीस तासांचा सर्टिफिकेट कोर्स लावला. विशेष म्हणजे तो चालला. मुलांनी फी भरली.

इथंच नॅकवाल्या सरांची खरी गंमत आहे. कागदाला हसणारे आम्ही सगळे असं धरून चालतो, की काम एकीकडे आणि कागद दुसरीकडे. सरांचा कारभार उलटा. त्यांच्याकडे आधी कागद जन्मतो, मग तो खोटा पडू नये म्हणून ते काम करवून घेतात. अहवालात ‘मेंटॉर-मेंटी’ योजना लिहिली होती. प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं, त्यांच्याशी ठरावीक दिवशी बोलायचं, नोंदवहीत लिहायचं. आम्ही वह्यांवर सह्या केल्या. सरांनी खरोखरच मुलांना बोलावून विचारलं. कळलं ते असं, की खेड्यावरची मुलं पहिल्या एसटीनं साडेसातला उतरतात आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर अकरापर्यंत बसून राहतात. शेवटची गाडी चारला म्हणून संध्याकाळच्या लायब्ररीचा त्यांना उपयोग नाही. ग्रंथालयाच्या रकान्यात ‘वाढीव वेळ’ लिहायचीच होती. सरांनी ‘सकाळी ८ पासून’ असं लिहिलं, ग्रंथपालांना ते दाखवलं आणि म्हणाले, “आता हे खोटं ठरवायचं का?” पहिला महिनाभर कुलूप स्वतः उघडायचे. ग्रंथपालांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेही सरांनी फीडबॅक म्हणून नोंदवलं.

सर्व निकषांत गुणांचा सर्वांत मोठा वाटा अध्यापन-अध्ययनाचा होता, संलग्न कॉलेजांना तब्बल साडेतीनशे. त्यात पूर्णवेळ शिक्षकांचा रकाना असतो. आमच्या पदव्युत्तर विभागांत बरेच तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. कित्येकांकडे सेट-नेटची पात्रता, पीएच.डी., सगळं आहे. ते मन लावून शिकवतात, पण पूर्णवेळच्या रकान्यात बसत नाहीत. त्या रकान्यात मी बसतो. सर तो तक्ता भरताना नेहमी खिडकीबाहेर बघतात, आणि भरून झाल्यावर तासिकावाल्यांपैकी कुणी समोर आलं तर त्याला चहा पाजतात. नॅकच्या खात्यावर.

नॅकची पाहुणी समिती, म्हणजे पीअर टीम, आली त्या दोन दिवसांत मात्र सरांचा रक्तदाब खरोखरच वाढला. फायलींना रंगीत फिती लागल्या, पाच वर्षं बंद असलेलं वॉटर कूलर गारठलं, आणि विद्यार्थ्यांच्या बैठकीसाठी बोलक्या मुलांची यादी झाली. त्यांना उत्तरं पढवली होती. समितीच्या अध्यक्षांनी यादीबाहेरच्या एका मुलीकडे बोट केलं. तीच आमची सातवी. तान्ही मुलगी आईकडे ठेवून पुन्हा पहिल्या एसटीनं यायला लागलेली.

“या कॉलेजात चांगलं काय आहे?”

तिनं व्हिजन-मिशन सांगायचं होतं. ती म्हणाली, “लायब्ररी आठला उघडते.”

“आणि वाईट?”

“नऊपर्यंत पंखे लावत नाहीत.”

सरांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी आठला पंखे चालू होते आणि त्याचा अ‍ॅक्शन टेकन रिपोर्ट नऊला तयार होता.

निकाल आला २.७४. बी प्लस. २.७६ ला बी प्लस प्लस मिळायचं. दोन शतांश कुठं गळाले याचा सरांनी माग काढला. दोनेक महिने ते प्रत्येकाकडे संशयानं बघत होते. माझ्याकडे बघताना त्यांचे ओठ ‘चार भागिले सात’ असं पुटपुटत, अशी माझी समजूत आहे. प्राचार्यांनी गावात फ्लेक्स लावला. त्यावर आकडा नव्हता, फोटो होते. प्राचार्यांचा, संस्थेच्या अध्यक्षांचा, सचिवांचा. सरांचा नव्हता. फ्लेक्सचा जिओटॅग फोटो काढायला मात्र तेच गेले.

२०२४ च्या जानेवारीत नॅकनं जाहीर केलं, की यापुढे श्रेण्या नाहीत. त्याऐवजी मान्यता आहे किंवा नाही, हे ठरणार. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचं घाटत होतं. सरांचे इतक्या वर्षांचे शतांश एका बातमीत वाया गेले, म्हणून कुणी त्यांची समजूत घालायला गेलं. सर म्हणाले, “आहे किंवा नाही, हे तरी कशावरून ठरवणार?” आणि पुढच्या वर्षीच्या एक्यूएआरचे, म्हणजे नॅकच्या वार्षिक अहवालाचे, फॉर्म वाटले.

परवा ती सातवी मुलगी पेढे घेऊन आली. सेट झाली होती. आमच्या विभागातून मराठीत सेट होणं ही सठीसामाशी घडणारी गोष्ट; मी तिला शाबासकी देईपर्यंत सर दारात हजर. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण त्याआधी एक काळजी होती. “निकालाची तारीख काय?” जुलैची होती. शैक्षणिक वर्ष ३० जूनला संपतं. “हरकत नाही,” सर म्हणाले, “पुढच्या वर्षात धरू. तू असं कर, सर्टिफिकेटची झेरॉक्स—”

तिनं पर्समधून पाकीट काढलं. झेरॉक्स होती, सेल्फ-अटेस्टेड, तीन प्रतींत. एम.ए.ची गुणपत्रिका होती, आधार होतं, आणि सेटच्या परीक्षा केंद्रावर काढलेला फोटो होता. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. झाड कुठेही आड आलेलं नव्हतं.

सर त्या कागदांकडे बघतच राहिले. मग खिशातला शिक्का काढून त्यांनी तो तिन्ही प्रतींवर मारला. एम.ए. मराठी करून विद्यार्थ्याला नेमकं काय करता येईल, या प्रश्नाचं मोजता येणारं एक तरी उत्तर आता आमच्या विभागाकडे आहे. मी त्यापुढे तीन टाकले आहेत.