कप नुसता हातात धरला होता

एकेरी रस्त्यावर उलट्या बाजूनं दुचाकी दामटणाऱ्या माणसाचा चेहरा सवड काढून पाहण्यासारखा असतो. आपण चुकतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर तो अगदी कडेनं, फुटपाथला घासून येतो, दिवा लावून येतो, हॉर्न वाजवत येतो. एक नियम मोडायचाच आहे तर बाकीचे जमतील तेवढे पाळू, अशी त्याची धडपड चाललेली असते. हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं, म्हणजे 'हेल्मेट नाही' असं कुणी म्हणायला नको. आणि सरळ येणारा कुणी वाटेत आलाच, तर हा त्याच्याकडे असं काही बघतो की त्या बिचाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. "अहो, तेवढ्या मेडिकलपर्यंत तर जायचंय!" मेडिकल जवळ असतं, मुलीची शाळा सुटलेली असते, यू टर्न पार पुढच्या चौकात असतो. उलट्या बाजूनं कायमचं जायला कुणी निघालेलंच नसतं. सगळे 'तेवढ्यापुरते'.

मला या माणसाची चीड येते, पण भीती वाटत नाही. भीती वाटते ती हॉर्नसुद्धा न वाजवता रस्त्याच्या मधोमध शांतपणे उलटा येणाऱ्याची. त्याला सबब सांगावीशीच वाटत नाही. सबब सांगणाऱ्याच्या मनात निदान खटला तरी उभा राहिलेला असतो. आरोपी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच, तेव्हा निकाल काय लागणार हे उघड आहे. पण तारीख तरी पडते.

आणि ही वकिली काही सोपी नाही. महाभारतात द्रोणाचार्यांच्या हातून शस्त्र खाली ठेववायचं होतं, तर त्यासाठी आधी अश्वत्थामा नावाचा एक हत्ती शोधून मारावा लागला. भीमानं तो मारला. मग धर्मराजानं 'अश्वत्थामा गेला' हे मोठ्यानं आणि 'हत्ती' हे तोंडातल्या तोंडात सांगितलं. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असं व्यासांनी लिहून ठेवलंय. आपण लहानपणापासून त्या रथाचंच ऐकत आलो. मला मात्र त्या हत्तीचं वाईट वाटतं. त्याचं कौरवांशी वैर नाही, पांडवांशी नाही. एका सज्जन माणसाला पुढे 'मी खोटं कुठं बोललो?' असं म्हणता यावं, एवढ्यासाठी तो मेला. निगरगट्ट माणसाला असा हत्ती लागत नाही. तो सरळ खोटं बोलून मोकळा होतो.

सज्जनांच्या सबबींचा अभ्यास करायचा तर पुण्यासारखं ठिकाण नाही, आणि पुण्यातही पंचहौद मिशनच्या चहासारखं प्रकरण नाही. १८९० सालचा ऑक्टोबर महिना. मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर चहा-बिस्किटं आली. आता, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे त्या काळी धर्म बुडालाच. काहींनी तो घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायचा म्हणून कप हातात घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. एवढ्यावर सगळे घरी गेले असते आणि इतिहासाला पत्ताही लागला नसता. पण या सगळ्याच्या मागे होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. हा गृहस्थ पराकोटीचा विक्षिप्त. कोण कोण हजर होतं त्याची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली आणि पेठापेठांत वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी नेमली गेली. एका कप चहासाठी!

त्या चौकशीच्या दिवसांत घरोघरी काय बोलणं झालं असेल, याची कल्पना करायला मला फार कष्ट पडत नाहीत. कप नुसता हातात धरला होता. ओठाला लावला, पण गिळला नाही. सगळेच घेत होते, मी एकट्यानं नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मला वाटलं, दूध आपल्याच गवळ्याचं असेल. माणसं मोठी विद्वान होती, पण सबबी आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकू येतात त्याहून काही फार वेगळ्या सुचल्या असतील असं वाटत नाही. पाप ठरवणारे बदलतात, यादी बदलते, सबब तीच राहते.

टिळकांनी मात्र शास्त्रार्थाचा आधार घेतला आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोच आहोत, असं सांगितलं. कायद्याची पदवी उगीच नव्हती. सनातन्यांना उत्तर मिळालं आणि चहा प्यायल्याचा पश्चात्तापही करावा लागला नाही. रानड्यांची गोष्ट निराळी. त्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. एका मित्राच्या घरची अडचण सुटावी, हे त्यामागचं कारण. त्यांच्या पत्नी रमाबाईंना ते मुळीच रुचलं नाही, आणि त्यांनी आपल्या आठवणींत तसं लिहिलंही. सुधारकांनी तर रानड्यांवर सडकून टीका केली. म्हणजे चहाच्या वेळी सनातनी रागावले आणि प्रायश्चित्ताच्या वेळी सुधारक. चूक नसताना ती पदरात घेणारा माणूस आपल्याला झेपत नाही. चूक करून ती झटकणारा त्यामानानं कळतो तरी, तो आपल्यातलाच असतो. रानड्यांनी योग्य केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांच्यासारख्या माणसानं मान तुकवली की पाठीमागच्या दहाजणांना वाकायला निमित्त मिळतं. पण त्यांनी 'कप नुसता हातात धरला होता' म्हणून सुटका करून घेतली नाही, हे मला मोलाचं वाटतं.

गंमत अशी, की तेव्हा चहापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि आज सरकारी टेबलाखालून चहापाणी सरकवताना कुणाच्या पोटात कालवतसुद्धा नाही. घेणारा म्हणतो, मी मागितलं कुठं, लोक खुशीनं देतात. देणारा म्हणतो, मी काय खुशीनं देतो का, दिल्याशिवाय फाईल हलत नाही. दोघंही निर्दोष. जुन्या धर्मशास्त्रकारांनी ही पळवाट बहुधा ओळखली होती. त्यांनी महापातकं पाच सांगितली: ब्रह्महत्या, सुरापान, सोन्याची चोरी, गुरुपत्नीशी संग, आणि पाचवं म्हणजे हे चार करणाऱ्यांशी संसर्ग. नुसती ऊठबस! वर्षभर अशा माणसाच्या संगतीत राहिलात की तुम्हीही त्याच रांगेत. शास्त्रातल्या पुष्कळ गोष्टी आज टाकून द्याव्यात अशाच आहेत, आणि याच पाचव्या कलमापायी माणसांना वाळीत टाकण्याची सोय झाली, हेही खरं. पण 'मी कुठं काय केलं, मी तर शेजारी बसलो होतो' ही सबब त्यांनी आधीच निकालात काढली होती, याचं कौतुक वाटतं.

ओळखीतल्या एका घरी मागे फेब्रुवारीअखेरीस गेलो होतो. मुलगा चांगल्या कंपनीत नोकरीला, वडील निवृत्त शिक्षक, घर वडिलांच्या नावावर. जेवणाच्या टेबलावर भाडेपावत्यांचं पुस्तक, रेव्हेन्यू स्टॅम्प आणि तीन पेनं. ऑफिसात घरभाड्याचा पुरावा द्यायचा होता. भाडं दरमहा ८,३०० रुपये. हा आकडा ज्यानं शोधला त्याला नमस्कार. बारानं गुणला की ९९,६०० होतात, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तरच घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. प्रत्यक्षात त्या घरात भाड्याचा एक रुपयाही कधी फिरला नव्हता. एप्रिलची पावती निळ्या पेनानं, मेची काळ्या, जूनची जरा फिक्या निळ्या. सून स्टॅम्प चिकटवत होती. नात ते ओले करायला पाण्याची वाटी धरून बसली होती. अख्खं घर पाचव्या कलमाखाली.

"एवढा टॅक्स भरतो आम्ही," मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला. मी काहीच विचारलं नव्हतं. "रस्त्यांची अवस्था बघा. पैसा जातो कुठं?" रस्त्यांच्या अवस्थेबद्दल तो खरंच बोलत होता. अलीकडे नव्या करप्रणालीत ही घरभाड्याची सवलतच उरलेली नाही, त्यामुळे ज्यांनी ती प्रणाली घेतली त्या घरांतली आईवडिलांची भाडेकरू पोरं रातोरात फुकट राहायला लागली. पण हा जुन्या प्रणालीतच टिकून होता.

मास्तर निमूटपणे सह्या करत होते. चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांवर सही करायची सवय, त्यामुळे प्रत्येक सहीखाली तारीख घालायला हात जायचा आणि मुलगा "बाबा, आजची नको, आजची नको" म्हणून ओरडायचा. मार्चच्या पावतीवर सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "माझ्या खोलीतला पंखा महिनाभर बंद आहे. तो दुरुस्त करायची जबाबदारी घरमालकाची की भाडेकरूची?"

मुलानं पावत्या गोळा करून पाकिटात भरल्या. "ते तुम्हीच बघा ना, बाबा," तो म्हणाला, "घर तुमचंच आहे."