अठ्ठेचाळीस केबीचा मोह

पूर्णेत जुनं घ्यायचं तर भंगारवाल्याकडे जावं, एवढी अक्कल मला आहे. तरीही ओळखीतल्या एकानं माळ्यावरून काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम' दाखवला आणि मी विरघळलो. मूळ स्पेक्ट्रम हा विलायतेतल्या सिंक्लेअरचा १९८२चा संगणक. त्याची पुढची आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, १९८६च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं आपल्याकडे विकायला आणली, तोच हा 'डीबी'. स्मृती ४८ केबी. काकांनी रोज सकाळी पाठवलेला 'शुभ प्रभात'वाला गुलाब यात मावायचा नाही, हा खरं तर गुणच म्हणायचा.

पण खर्च एकट्या यंत्राचा नाही. त्याला अँटेनाची पिन असलेला डबडा टीव्ही हवा. कार्यक्रम चढवायला कॅसेट लावायची, टेपरेकॉर्डर हवा. कॅसेट पाचेक मिनिटं किंचाळत राहणार. तेवढ्यात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल, हे लाईटलाही ठाऊक नसतं. कीबोर्डाखालची प्लास्टिकची पट्टी तडकलेली असली तर बटणं नुसती देखणी.

"चालतो का?" मी विचारलं.

"चालायचा," मालक म्हणाले.

क्रियापदाच्या त्या काळानंच खरं तर निकाल लागला होता. पण अकोल्याची मीटरगेज गाडी गेली म्हणून हळहळणारा माणूस मी. तिच्यात कोळसा डोळ्यांत जायचा, हे सोयीनं विसरलेला.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आणा. पण माळा आपलाही भरलाय."

उद्या टीव्ही बघायला नांदेडला जातोय. नुसता बघायला.