उसनी ओळख, लपवलेल्या वह्या

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दोन तऱ्हेची मुलं भेटतात. एक आपली उत्तरांची वही शेजाऱ्यापुढे ठेवून म्हणतो, 'जरा तपासून दे.' दुसरा चहाला उठतानाही वही बॅगेत कोंबून चेन लावतो. क्लास एक, मेस एक, परीक्षाही एकच. हा फरक स्वभावाचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही.

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली तरुणांच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक आपल्याकडे घरोघरी आहे: स्वतः काहीही न धुंडाळता, घरच्यांनी नेमून दिलेलं आयुष्य आपलं मानून बसणं. दहावीच्या पेढ्यांबरोबरच काका जाहीर करतात, 'हा कलेक्टर होणार!' गावात 'साहेब' म्हणून हाका सुरू होतात. पोस्ट मिळाली नाही तर आपण कोण, हे या मुलाला कुणी विचारलेलं नसतं आणि त्यालाही ठाऊक नसतं. अशा मुलाला शेजाऱ्याची निवड म्हणजे आपलं नापास होणं वाटतं. तो वही लपवणारच.

आणि ही लपवालपवी निव्वळ तोट्याची आहे. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला अर्ज लाखांवर, जागा शेकड्यांत. शेजारच्या एकाला अडवून यादीत कुणी वर चढत नाही. मुख्य परीक्षा तर २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे आपलं उत्तर दुसऱ्याने वाचून चुका दाखवल्याशिवाय लिखाण सुधारत नाही.

या मुलांना एकजूट जमत नाही असंही नाही. मार्च २०२१मध्ये पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली, तेव्हा हजारो उमेदवार शास्त्री रस्त्यावर उतरले आणि दहा दिवसांत परीक्षा झाली. रस्त्यावर सगळे नुसते उमेदवार होते, कुणी कुणाच्या पुढे नव्हता.

क्लासवाल्यांनी चौकाचौकांत लावलेले 'भावी अधिकारी'चे फ्लेक्स मला म्हणूनच घातक वाटतात. ते आधीच उसनी असलेली ओळख आणखी घट्ट करतात. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे. तिथवर 'मी कोण'च्या एकाच उत्तराला धरून बसलेला माणूस मैत्री तरी कशी करणार?

आईबाबांनो, दिवाळीला पोरगं घरी येईल तेव्हा 'पोस्ट कधी?' हा प्रश्न गिळा. त्याला काय आवडतं, काय जमतं, ते विचारा. उत्तरात 'कलेक्टर' आलं नाही, तरी पूर्ण ऐकून घ्या.