टोपणवाले काका

नोव्हेंबर उजाडला की बँकेत पेन्शनरांची जत्रा भरते. आपण अजून जिवंत आहोत, याची सरकारला दरवर्षी खात्री हवी असते. खिडकीसमोर उभं राहून 'हा काय मी!' म्हटलेलं चालत नाही. हयातीचा दाखला लागतो. या जत्रेत एक काका हटकून असतात. बँकेशी त्यांचा संबंध पासबुकापुरता, पण शिपाईसुद्धा त्यांना विचारून पंखा लावतो.

काकांच्या खिशात चार पेनं. मागेल त्याला देतात, टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवतात. बिनटोपणाचं पेन कुणी घरी नेत नाही, हा त्यांचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास. जिभेवर साखर अजिबात नाही. "पेन्शनचा पीपीओ नंबर विचारलाय, सुनेचा मोबाइल नव्हे!" "सही नेहमीसारखी करा, आज नवी कला नको!"

२०१४ साली हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण'ची डिजिटल सोय झाली आणि काकांचं काम वाढलं. जन्मभर भांडी घासून एखाद्या आजींच्या अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या; यंत्र त्यांना ओळख देत नाही. काका अंगठा पुसतात, दाबतात, दुसरं बोट लावून बघतात, यंत्राचाही उद्धार करतात. शेवटी स्वतःचा मोबाइल आजींच्या तोंडासमोर धरतात. तिथं जिवंतपणाची खूण म्हणून डोळ्यांची उघडझाप करावी लागते. "आजी, डोळे मिटा." आजी मिटतात आणि सवयीनं हातही जोडतात. "अहो, उघडा आता! देवळात आहात का?"

काशीची गंगा रामेश्वराला नेताना एकनाथांनी ती वाटेतल्या तहानलेल्या गाढवाला पाजली, अशी कथा सांगतात. नाथ त्या गाढवाला काही बोलल्याचं ऐकिवात नाही. काका बोलतात. घोटभर पाण्यामागे पावशेर शिव्या, हा त्यांचा दर. पण तहानलेला परत जात नाही. संतांचे चेहरे तसबिरीत फार शांत काढून ठेवलेत, त्यामुळे आपली ओळखण्यात गफलत होत असावी.

मध्यंतरी ऐन गर्दीत काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. रांग कावरीबावरी झाली. तेव्हा एक निवृत्त बाई, ज्या काकांना 'आगाऊ' म्हणायच्या, त्या पुढे सरसावल्या. "आधार कुठाय? आणि खाडाखोड केलीत तर बघा!" पहिल्याच आजोबांवर त्या कडाडल्या, आणि पेन देताना टोपण काढून घेतलं.