छान आहे, फक्त…

निबंध दाखवायला माणसं ढीगभर मिळतात, वाचणारा एखादाच. वडील पानं मोजतात आणि ‘भरपूर लिहिलंस’ म्हणतात. क्लासच्या मॅडम शेवटच्या ओळीखाली बरोबरची खूण करतात. मावशी मोबाईलवर अंगठा पाठवते, तोही फाईल उघडायच्या आत. आणि प्रत्येक सोसायटीत एक सर असतात, ते मात्र खरोखर वाचतात. त्यांच्याकडे निबंध घेऊन जाताना घरचे ‘जेवून जा’ म्हणतात, ते उगाच नाही.

आमचे सर डोंबिवलीतले, दुसऱ्या मजल्यावरचे, कॉलेजातून अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे नियम ठरलेले आहेत. निबंध कागदावरच हवा, मोबाईलवर वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. चार बोटं समास सोडलेला हवा. लाल पेन चालत नाही. “लाल पेनाने निकाल लागतो, पेन्सिलीने बोलता येतं,” असं म्हणून ते पेन्सिलीला टोक काढायला बसतात. टोक काढून होईपर्यंत समोरच्याचा घसा कोरडा पडलेला असतो.

पूर्ण वाचून झालं की चष्मा कपाळावर जातो आणि सर म्हणतात, “छान आहे. फक्त…” या ‘फक्त’नंतर किमान दोन तास तुमचे नसतात.

आमची भाची ‘औद्योगिक राष्ट्रे : फायदे व तोटे’ घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा मीही सोबत होतो. पहिलंच वाक्य होतं : ‘आजच्या युगात औद्योगिक राष्ट्रांना अनन्यसाधारण महत्त्व आहे.’

“ते कुणाला नाही?” सर म्हणाले. “आपल्या पाण्याच्या टाकीलासुद्धा आहे. पुढे?”

पुढे ‘अमेरिका, इंग्लंड, जपान वगैरे’ होतं. सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. “यात वगैरे कुठे आहे, दाखव बरं.” मग १९७५ साली फ्रान्समध्ये सहा राष्ट्रांचे प्रमुख कसे जमले, पुढच्या वर्षी कॅनडा कसा आला आणि सात जणांचा तो गट कसा झाला, हे सगळं झालं. “आणि आज जगात सगळ्यात जास्त माल ज्या चीनच्या कारखान्यांत तयार होतो, तो तुझ्या यादीत का नाही? उलट या श्रीमंत देशांत आता बहुतेक माणसं कारखान्यात नसतातच. दुकानात, बँकेत, इस्पितळात असतात. मग त्यांना औद्योगिक म्हणायचं ते कशावरून? आधी ठरव, मग फायदे-तोटे.”

‘जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचा शोध लावला’ इथे पेन्सिल थांबली, आणि काकूंनी आतून, “अहो, चहा आधी घ्या, मग इंजिन,” असं बजावलं. म्हणजे हे वाक्य घरात पूर्वीही येऊन गेलेलं असणार. न्यूकोमेनचं इंजिन १७१२ सालीच खाणीतलं पाणी उपसत होतं, वॉटचं पेटंट १७६९ चं. फरक कळावा म्हणून सरांनी चहाचा पेला पुढे ओढला. “हा न्यूकोमेनचा सिलिंडर. दर फेरीला तापवायचा आणि त्यातच पाणी मारून थंड करायचा. कोळसा किती जळेल?” मग पाण्याचा तांब्या शेजारी सरकवला. “वॉटने वाफ गार करायला हे दुसरं भांडं दिलं. सिलिंडर गरमच राहिला.” सिलिंडरमधला चहा मात्र गार झाला होता. काकूंनी तो उचलून नेला, परत तापवला आणि काहीही न बोलता पुन्हा आणून ठेवला.

‘जपान मेहनतीच्या जोरावर पुढे गेला.’ याच्यावर तर सर खुर्चीतून उठलेच. “आणि आमच्या कोकणातली माणसं काय झोपा काढत होती? मेहनत म्हणजे शाबासकी झाली, कारण कुठे आहे? १८६८ नंतर जपानच्या सरकारने काय केलं? १८७२ साली तोमिओकाला सरकारी रेशीम गिरणी निघाली, यंत्रं फ्रान्सची. हे लिही!”

तोट्यांत एकच शब्द होता, प्रदूषण. सरांनी खिडकी उघडली. कारखान्यांकडून वारा येत होता. “हे नाकात जातंय, आणि तू एका शब्दात गुंडाळतेस? १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरक्याने हजारो माणसं गेली. घराघरातला कोळसासुद्धा त्यात होता.”

“सर, रविवार आहे,” भाची काकुळतीला येऊन म्हणाली.

तीच चूक झाली. रविवारची सुट्टी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांच्या धडपडीने कशी मिळाली, यात आणखी अर्धा तास गेला.

वैताग याचा येतो, की इतकं सांगून सर एक वाक्य लिहून देत नाहीत. “मी सांगितलं की ते माझं होईल,” म्हणतात. रात्री साडेदहाला मात्र फोन करतात : “तो तिसरा परिच्छेद दुसऱ्याच्या आधी घेतला तर? झोपली नाहीस ना?”

निबंध गेला, मार्क बरे पडले. कागदावर शेरा एकच : ‘छान’. भाची तणतणत घरी आली. “मामा, कुणी वाचलाच नाही हो!”

त्याच तिरमिरीत ती सरांकडे गेली. सर मुंबईच्या गिरण्यांवर पुस्तक लिहिताहेत, कैक वर्षं. १८५४ सालच्या दावरांच्या गिरणीपासून १९८२ च्या संपापर्यंतचा आराखडा तयार आहे, पण पहिलं प्रकरण काही हलत नाही. स्वतःच्याच समासात पेन्सिल चालवून चालवून कागद मऊ पडलाय. तिने तो मागून घेतला आणि तिथेच बसून शेवटपर्यंत वाचला.

“सर, छान आहे. फक्त ‘पुढे गिरण्या बंद पडल्या’ असं लिहिलंय. आपोआप? कुणी बंद केल्या, कशामुळे, ते कुठे आहे?”

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग पेन्सिल तिच्यापुढे केली.

“समासात लिही,” म्हणाले. “आणि दाबून लिहू नकोस, खोडता आलं पाहिजे.”