वडी कडक का होत नाही? सेक्टर ६ मधील नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी पहिल्यांदाच निव्वळ ऑलिव्ह तेलाचा साबण साच्यात ओतला आहे आणि जे आता येता-जाता त्याला बोट लावून बघत आहेत. पहिली सूचना: बोट काढा.

दुसरी सूचना जागेविषयी. भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये साबण ही खाजगी बाब राहू शकत नाही. दर दोन क्वार्टरांमागे एक तरी गृहस्थ पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले असतात आणि कडकपणा या विषयावर त्यांचा अधिकार असतो. जिथे पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि जिथून रेल्वेला २६० मीटर लांबीचे रूळ जातात, तिथे शंभर ग्रॅमची वडी महिनाभर लिबलिबीत राहावी, हे त्यांना पटत नाही. काका येतात, चष्मा कपाळावर चढवतात, वडीवर अंगठा दाबतात आणि पडलेला खळगा खिडकीच्या उजेडात धरून बघतात. हसू नका. पोलादाची ब्रिनेल चाचणी याच तत्त्वावर चालते: १० मिलिमीटर व्यासाची गोळी, ३,००० किलोचा भार आणि मागे राहिलेल्या खळग्याचा व्यास. काकांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, फक्त साबण ताजा आहे. त्यांना नळ दाखवा आणि हात नीट धुवायला सांगा. ओल्या वडीत कॉस्टिक सोडा शिल्लक असू शकतो.

आता दोष साबणाचा की तेलाचा, ते बघू. साबण किती कडक होणार हे तेलातली स्निग्धाम्लं ठरवतात. पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचा साबण लवकर कडक होतो. प्राण्यांच्या चरबीत ती भरपूर असतात, म्हणून जुने कारखाने चरबीवर चालत. ऑलिव्ह तेलात निम्म्याहून अधिक, बहुधा ७० टक्क्यांच्या आसपास, ओलेइक आम्ल असतं. त्याचा साबण त्वचेला मऊ आणि स्वभावाने संथ. सुरुवातीला तो पाणी धरून बसतो, ते निघून जायला महिने लागतात, पण एकदा कडक झाला की टिकतोही छान. सीरियातल्या अलेप्पोत ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाच्या वड्या सहा ते नऊ महिने वाळवतात. पॅलेस्टाइनमधल्या नाबलुसमध्ये वड्यांचे आतून पोकळ मनोरे रचतात, म्हणजे वारा सगळ्या बाजूंनी खेळतो. या दोन्ही गावांची कारागिरी २०२४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिथले कारागीर तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांना बोलावून वडी दाखवत नाहीत.

म्हणून नियम असा: इतर तेलांचा साबण चार ते सहा आठवड्यांत वापरता येतो, निव्वळ ऑलिव्हला सहा महिने द्या. त्याआधी वापरलात तर फेसाऐवजी शेंबडासारखी तार सुटेल आणि घरातली मंडळी 'ई!' म्हणून उठतील. साबण तेव्हाही बिघडलेला नसतो. पण हे वाक्य न्हाणीघराच्या दाराबाहेरून ओरडून सांगण्यात अर्थ नाही.

तरीही काही वेळा दोष खरा असतो. तो शोधण्यासाठी स्वयंपाकघरात चौकशी समिती नेमा. आईंना त्यात घेऊ नका, त्यांचा निकाल आधीच ठरलेला आहे: 'बाजारात दहा रुपयांना मिळतो.'

समितीचा पहिला प्रश्न, सोडा कोणता घातला? कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. किराणा दुकानात नुसतं 'सोडा द्या' म्हटलं की तिसराच, भज्यांचा, हातात येतो. धुण्याच्या सोड्याने घरच्या घरी तेलाचा साबण होत नाही. तेल वर तरंगत राहतं आणि तुम्ही 'अजून सेट व्हायचाय' म्हणत राहता. कॉस्टिक बरोबर असेल तर पुडी कधी फोडली होती ते आठवा. कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. जुलैत उघडी राहिलेली पुडी ऑक्टोबरपर्यंत बरीचशी निकामी झालेली असते. वजनकाट्यावर माप पुरं दिसतं, काम त्याहून कमी होतं आणि वडी तेलकट, मऊ राहते.

दुसरा प्रश्न तेलाचा. ज्या बाटलीवर ऑलिव्हचं चित्र आहे ती ऑलिव्ह तेलाचीच असेल, असं समजू नका. मालिशच्या आणि केसांच्या कित्येक तेलांत मोठा वाटा खनिज तेलाचा, म्हणजे लिक्विड पॅराफिनचा, असतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. सहा महिने नाही, सहा वर्षं थांबलात तरी नाही. लेबलावरची बारीक अक्षरं वाचायला अंगठेवाल्या काकांचा चष्मा उपयोगी पडतो. ऑलिव्हच्या चोथ्याचं स्वस्तातलं पोमेस तेल मात्र चालतं, ते उलट लवकर दाटतं.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि इथे विनोद बाजूला ठेवतो. ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे ६७ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. थोडं तेल शिल्लक राहावं म्हणून पाच टक्के कमी, म्हणजे ६४ ग्रॅम घेतात. पण ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ५०० ग्रॅम तेल नसतं, साधारण ४६० ग्रॅम असतं. त्यात तेच ६४ ग्रॅम ओतलेत तर कॉस्टिक उरेल आणि साबण अंग जाळेल. वाटी, चमचा, अंदाज, 'आमच्याकडे असंच करतात' हे सगळं भाजीला ठेवा. इथे काटा लागतो. हातमोजे आणि चष्मा लागतो, पाण्यात कॉस्टिक टाकायचं असतं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं वर्ज्य आहे. स्टेनलेस स्टील चालतं. भिलाईत स्टीलचं भांडं मिळालं नाही ही सबब कोणी ऐकून घेणार नाही.

पाणी हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. पुष्कळ कृतींमध्ये ५०० ग्रॅम तेलाला १९० ग्रॅम पाणी सांगितलेलं असतं. निव्वळ ऑलिव्हला ते फार झालं. कॉस्टिकच्या दीडपट, म्हणजे ९६ ग्रॅम पाण्यात काम होतं. त्या पाण्यात कॉस्टिकच्या आधी चमचाभर मीठ विरघळवलंत तर वडी साच्यातून लवकर सुटते.

आता भिलाईचं खास प्रकरण: कूलर. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की साबण वाळवायला याहून चांगला महिना शोधून सापडणार नाही. पण नवशिका काय करतो? साबणाला उन्हाळा बाधू नये म्हणून वड्या कूलरसमोर मांडतो. कूलर खोलीभर ओली हवा फेकतो, साबणातलं ग्लिसरीन ती ओल ओढतं आणि वड्यांवर थेंब उभे राहतात. मग घरात चर्चा, 'साबणाला घाम आलाय, त्याला गरम होतंय, कूलर वाढवा.' कृपया बंद करा. वड्या ज्या खोलीत कूलर नाही तिथे, पंख्याखाली, एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवा. गच्चीत पापडांच्या शेजारीही नको, उन्हात तेल लवकर खवट होतं. आणि लोखंडी मांडणीवर तर मुळीच नको. लोहाचा स्पर्श झाला की उरलेलं तेल खराब होऊन नारिंगी ठिपके येतात. पोलादनगरीत हे सांगताना आवाज जरा खाली ठेवावा. बांबूचं सूप उत्तम.

वरच्या मजल्यावरच्या मल्याळी चेची पहिल्या दिवसापासून एकच सांगत असतात: खोबरेल घाल. त्यांचं बरोबर आहे. ४०० ग्रॅम ऑलिव्ह आणि १०० ग्रॅम खोबरेल घेतलं, कॉस्टिक ६८ ग्रॅम केलं, की वडी कितीतरी लवकर कडक होते, फेसही येतो. मग तो निव्वळ ऑलिव्हचा साबण राहत नाही एवढंच. छत्तीसगडात महुआच्या बियांचं तेलही मिळतं. त्यात पामिटिक-स्टिअरिक चांगलं असल्याने तेही वडीला बळ देतं, मात्र त्याचा कॉस्टिकचा हिशेब वेगळा लावावा लागतो.

सगळं तपासून दोष सापडला नाही, वड्यांवर तेल सुटलेलं नाही, पाण्याचे थेंब नाहीत, फक्त अंगठा अजून उमटतोय, तर उपाय एकच. प्रत्येक वडीखाली तारीख लिहिलेला कागद ठेवा आणि खोलीचं दार लावा. दार लावल्याचं काकांना सांगा, किल्लीचं सांगू नका.

दिवाळीला घरचा साबण हवा असेल तर गुढीपाडव्याला ओता. पाडवा ते नरक चतुर्दशी सात महिने होतात आणि त्यातले पहिले अडीच कोरडे मिळतात. पावसाळ्यात वड्या पुन्हा थोड्या नरम वाटतील, घाबरू नका. पहाटे उटण्याच्या वाटीशेजारी ती वडी अभिमानाने मांडा, आणि मागच्या कप्प्यात एक मोती साबण असू द्या. नागपूरहून आलेल्या आत्या तोच मागणार आहेत.